फुटाला एक सूत

शालन गेल्यावर हणमंत मेस्त्रींचं घर आकसायला लागलं. रोज फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना जेवढं आकसतं, बरोबर तेवढंच. मेस्त्रींनी चाळीस वर्षं कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले होते. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावर वाळू ठोकून साचा पाडतात, तो नमुना. त्यामुळे त्यांना टेप लावायची गरज पडली नाही. आठव्या दिवशी चौकटीला डोकं आपटलं तेव्हाच त्यांनी ओळखलं.

शेजारच्या भिंतीशी बोळाएवढी फट पडली. शेजारणीनं तिथं दोरी बांधून कपडे वाळत घातले. तिनं काही विचारलं नाही, मेस्त्रींनीही सांगितलं नाही. बायको गेली की घर थंड पडतं, त्यात सांगण्यासारखं काय?

भिंती आकसल्या, भांडी आकसली, सिमेंटच्या चौकटीही आकसल्या. लाकूड तेवढं आकसलं नाही. स्वयंपाकघराचं सागवानी दार चौकटीत बसेना, म्हणून मेस्त्रींनी ते बिजागरीतून काढलं आणि त्याची गिटार करायला घेतली.

गिटार शालनला हवी होती. चार वर्षांपूर्वी, तिला त्रेपन्नावं चालू असताना, फाउंड्रीतले दोघे चहाला आले होते. तेव्हा तिनं पेपरातलं कात्रण आणून मेस्त्रींपुढं धरलं. लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार होती. "अहो, असली करता येईल तुम्हाला? मी शिकीन म्हणते."

मेस्त्री हसले. "भजनाला नेणार काय?" असं म्हणून परत हसले. मग ते दोघेही हसले. शालनही हसली. कप गोळा करून आत गेली आणि कोणी मागितला नव्हता तरी दुसरा चहा घेऊन आली. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. ती गेल्यावर कात्रण मांडणीवरच्या कागदाखाली सापडलं.

महिन्याच्या दिवशी तिच्या फोटोपुढं नैवेद्याचं ताट वाढायचं होतं. ताटाशेजारी गिटार ठेवायची आणि कुणाला काही सांगायचं नाही, असं मेस्त्रींनी ठरवलं. हसलो होतो हे तेवढ्यानं मिटलं तर मिटलं.

त्यांनी दाराच्या फळ्या चिकटवल्या, कानशीनं गोलाई काढली, दांड्यावर सुरांचे पडदे बसवले, सहा तारा ओढल्या. चुंबकावर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळून पिकअप केलं. तारांची थरथर हेच ओढून घेतं आणि स्पीकरकडं पाठवतं. शेवटी पॅटर्नला लावायचा तांबडा रंग दिला. सगळी मापं त्यांनी आकसाच्या पट्टीनं घेतली होती. ह्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एका सुतानं मोठा असतो, म्हणजे पुढं आकसून वस्तू नेमकी होते. हातानं पट्टी उचलली ती चाळीस वर्षांच्या सवयीनं. आपण मोठी गिटार करतोय हे त्यांना कळत होतं. आकसेल, असं त्यांना वाटत होतं.

विसाव्या दिवशी दुपारी शालनची धाकटी बहीण रत्ना आली. दारात तिला गुडघ्यात वाकावं लागलं.

"दाजी, घर बारीक झालंय की ओ."

"फुटाला सूत."

"जेवता का नाही वेळेवर?"

"जेवतो."

"ताटली बघितली मी. मांजराला पुरायची नाही." ती गिटारीकडं बघत बसली. "ही कुणाची?"

मेस्त्रींचे कान तापले. "ऑर्डर आहे एकाची."

"ताईला पाहिजे होती असली. तुम्हाला बोलली नव्हती?"

"नाही."

"बोलली होती. मला सांगितलं की तिनं. म्हणाली, आमच्या ह्यांनी हसून ठेवलंय."

"हसून ठेवलंय म्हणजे?"

"ठेवलंय म्हणजे ठेवलंय. कुठं ते नाही सांगितलं."

रत्ना गेल्यावर मेस्त्रींनी डबे उघडून बघितले, माळा बघितला, गाद्या उलट्या केल्या. हसणं कुठं सापडलं नाही.

शेवटच्या दिवसांत सुताचाही हिशेब राहिला नव्हता. महिन्याच्या दिवशी छत खांद्याला लागत होतं. मेस्त्रींनी बसूनच ताट वाढलं. वरणाची वाटी टोपणाएवढी झाली होती. गिटार मात्र होती तेवढीच होती, तिरकी धरल्याशिवाय मावत नव्हती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आकसतं ते ओतलेलं. पॅटर्न कधीच आकसत नाही. शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात सांगतात ते.

भजनी मंडळाचा स्पीकर त्यांनी मागून आणला होता. वाजते का बघावं म्हणून त्यांनी वायर जोडली आणि पहिली तार छेडली.

स्पीकरमधून मेस्त्री हसले.

चार वर्षांपूर्वीचं हसणं, ठसक्यासकट. त्या आवाजानं घर आणखी थंड पडलं आणि भिंती एकदम वीतभर आत आल्या. त्यांनी दुसरी तार छेडून बघितली. "भजनाला नेणार काय?" स्पीकर म्हणाला. तिसऱ्या तारेवर फाउंड्रीतले दोघे होते. मग तारा आपल्याआपण थरथरायला लागल्या. मेस्त्रींनी उजवा तळवा सहाही तारांवर दाबून धरला तेव्हा आवाज थांबला. डावा हात दांड्यासकट भिंतीत अडकला होता. स्पीकरचं बटण पाय पोचत नव्हता तिथं होतं.

रत्ना ताटाला म्हणून आली होती. दारातून तिला येता येईना. तिनं खिडकीला तोंड लावलं.

"दाजी, कोण हसलं ओ?"

भिंत पाठीला टेकली होती, वाळू ठोकून बसवावी तशी.

"मी," ते म्हणाले.

"आत्ता?"

"नाही."

खिडकीत रत्नाचा एक डोळा मावत होता, तो तिनं हलवला नाही.

स्वयंपाकघराच्या चौकटीला दार नव्हतंच. त्या भोकातून हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला. घरात तो एकटाच पुऱ्या मापाचा होता. त्याच्यात वाफाळता कप होता. हात मेस्त्रींच्या हनुवटीपाशी येऊन थांबला.

"अहो, दुसरा चहा. धरा की."

कप धरायला तारांवरचा उजवा हात उचलावा लागणार होता.