बरगडीवरचा हात

डाव्या बरगडीखाली आग होऊ लागली, तेव्हा आत्याला वाटलं, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसल्याचं हे फळ. पण आग एकाच जागी थांबली नाही. कुणी पाठीमागून हात घालून बोटं टेकवावीत, तशी पुढे सरकत आली. मशीनवरचा तिचा पाय थांबला. ही जागा तिच्या ओळखीची होती.

लहानपणी तिला कांजिण्या आल्या, तेव्हा आईने धाकट्या बहिणीला मुद्दाम तिच्या अंथरुणात निजवलं होतं. घरात तशीच रीत होती. सगळ्या पोरांचं एकदाच उरकलं की सुटलो. आत्याचं उरकलं. धाकटीच्या मात्र छातीत उतरलं. तापात ती थोरलीच्या बरगडीवर हात टाकून पडायची. "ताई, सरकू नकोस हं." एका सकाळी हात तिथेच होता, पण गार.

आता तो परत आला होता, तापलेला. दोन-तीन दिवस आत्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की औषध येणार, आणि औषधाने तो जाणार.

"आत्याबाई, माझा झगा होतोय ना? की बाळच येऊन माप देणार?" सून दारात उभी होती. भावाच्या मुलाची बायको, पोट चांगलंच पुढे आलेलं.

"तू रोज माप बदलतेस. मी झगा शिवू की तंबू?"

दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून आत्याने सवयीने कापड काखेत दाबलं, आणि तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. कापड बरगडीला घासलं होतं.

"काय झालं? बघू."

सुनेने तिचं पोलकं वर केलं. पाठीपासून पुढे आलेली लाल पट्टी, तिच्यावर पाणी भरलेले फोड. सुनेचा हात पुढे आला, तसं आत्याने पोलकं झटकन खाली ओढलं. ती जागा धाकटीची होती. तिथे दुसऱ्या कुणाचा हात तिला नको होता.

डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत ओळखलं. "नागीण. नाव भयंकर, पण या तुमच्या लहानपणीच्याच कांजिण्या. तेव्हा बऱ्या झालात, तरी विषाणू गेला नाही. मणक्याजवळच्या नसांत झोपून होता. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, की जागा होतो."

"म्हणजे तेव्हापासून माझ्यातच?"

"तुमच्यातच." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुम्हाला कांजिण्या झाल्या होत्या? लस घेतली होती?"

सुनेला आठवत नव्हतं. तिचं रक्त तपासलं. संरक्षण नव्हतं.

"फोड फुटलेले नाहीत, तुमचा हात लागला नाही, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण फोडांतलं पाणी लागलं तर तुम्हाला कांजिण्या होतील, आणि पोटुशीच्या त्या छातीत उतरू शकतात. बाळालाही धोका. ताप आला, पुरळ दिसलं, तर आधी फोन करा. लस आता देता येत नाही, बाळंतपणानंतर घ्या."

"आणि मी?" आत्याने विचारलं.

"गोळ्या घ्या. फोड झाकून ठेवा, हात धूत राहा. सगळ्यांवर खपली धरेपर्यंत हिच्यापासून लांब."

"गोळ्यांनी तो कायमचा जाईल?"

"नाही. परत झोपेल."

आत्याने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, ती डॉक्टरीणबाईंना कळली नाही.

घरी येऊन तिने मघाशी काखेत दाबलेलं ते कापड गरम पाण्यात टाकलं आणि मशीन मागच्या खोलीत ओढून नेलं. संध्याकाळी दारावर टकटक झाली.

"आत्याबाई, एकट्या काय करता? मी जरा बसते ना तुमच्याजवळ. झाकलंय तर खरं."

आग भडकली होती. बरगडीवरची बोटं घट्ट झाली. *ताई, सरकू नकोस.* आत्या उठली. एकटं पडायचं नव्हतं तिलाही. हात कडीपर्यंत गेला.

त्या वेळी आईने दार उघडून धाकटीला आत निजवलं होतं.

आत्याने कडी लावली. "तिथूनच बोल गं, बाई. ऐकू येतं मला."

मग बरगडीवर तळवा अलगद ठेवून ती हळूच म्हणाली, "मी कुठे सरकतेय? पण तूही इथेच राहा. दाराबाहेर जायचं नाही."