नोलीची थांबा-पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. दुकानावरची किंवा दारावरची नव्हे, हातात धरायची. लांब दांडा, वर ताटाएवढी गोल चकती, तांबडा रंग आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: थांबा. शाळेसमोरचा रस्ता मुले ओलांडू लागली की मला उंच धरून गाड्या अडवायच्या, एवढेच माझे काम. माझा आकार पाहून मुले मला लॉलीपॉप म्हणत. सध्या मी सिडनीच्या उत्तरेकडच्या करावाल नावाच्या उपनगरात, प्राथमिक शाळेच्या खेळाच्या कोठीत, फाटक्या नेटबॉलच्या जाळ्यामागे उभी आहे. माझ्या एका कडेला पोचा आहे. मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते. वस्तूंना सहसा राग येत नाही. आला तर त्यामागे कारण असते.

एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासारख्या चाळीसजणी एकाच दिवशी कापल्या गेल्या, रंगल्या आणि गठ्ठ्याने बाहेर पडल्या. मी करावालला आले आणि नोएलीन टिबेट्स नावाच्या बाईच्या हाती पडले. तिने मला हातात तोलून पाहिले आणि म्हणाली, "बाईसाहेब, तुमची मान फार गुळगुळीत आहे. पावसात हात घसरायचा." दुसऱ्या दिवशी तिने एका मोडक्या क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप आणली आणि साबणाच्या पाण्याने सरकवत माझ्या दांड्यावर चढवली. पुढे त्या रबरात तिच्या चार बोटांचे खड्डे पडले. ते आजही तसेच आहेत.

मुले तिला नोली म्हणत. सकाळी आठला ती हजर असे. रुंद काठाची टोपी, नाकावर उन्हाचे पांढरे मलम, गळ्यात शिटी. करावालचा तो रस्ता फार देखणा होता. दोन्हीकडे उंच झाडे आणि मोठमोठी आवारे. मात्र वसंतात त्याच झाडांवर मॅगपाय पक्षी घरटी करत आणि खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालत. तेव्हा नोली लहान मुलांच्या डोक्यावर मला छत्रीसारखी धरून पलीकडे नेई.

"नोली, आज त्यानं तुला टोचलं का गं?"

"टोचलं की. माझं डोकं इतकं टणक, त्याचीच चोच वाकडी झाली. पळ आता, घंटा होईल."

मोठ्यांनाही ती सोडत नसे. फोनवर बोलत गाडी पुढे रेटणाऱ्या एका वडिलांना ती म्हणाली होती, "साहेब, फोनवरच्याला म्हणावं जरा दम धर. त्याच्याहून महत्त्वाची माणसं रस्त्यात आहेत, आणि त्यांची उंची तीन फूट आहे."

आता माझ्या पोच्याची गोष्ट. हॅमिश नावाचा सहा वर्षांचा मुलगा वाऱ्याने उडालेल्या टोपीमागे धावला आणि समोरून सामान पोचवणारी गाडी आली. ती थांबली नाही. नोलीने एका हाताने मला गाडीसमोर धरले आणि दुसऱ्या हाताने हॅमिशला दप्तराला धरून मागे ओढले. गाडीचा आरसा माझ्यावर आदळला. माझी कड वाकली आणि नोलीचे मनगट मोडले. दुसऱ्या दिवशी हॅमिशची आई फेलिसिटी हार्ग्रेव्ह फुले आणि आल्याची बिस्किटे घेऊन आली, नोलीला मिठी मारून रडली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, तेव्हा कचेरीतून नवी पाटी देऊ केली. नोली म्हणाली, "नको. हिला आता काम कळलंय."

मित्रांनो, तेव्हा मला वाटले होते की प्रेम म्हणजे हेच. फुले, बिस्किटे, नाताळला भेटकार्ड. प्रेम करणाऱ्यांनी एक साधी गोष्ट विचारली नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. चार वाजता मला खुंटीला टांगून नोली कुठे जाते?

ती मिसेस लॉकयर यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होती. एकोणीस वर्षे. शाळेपासून दहा मिनिटे चालत. मग मिसेस लॉकयर वृद्धाश्रमात गेल्या आणि त्यांच्या मुलांनी सांगितले की दोन वर्षांनी घर विकणार. करावालमध्ये नोलीच्या पगारात मावेल अशी दुसरी खोली नव्हती. तिने सगळीकडे विचारले होते.

त्याच सुमारास स्टेशनजवळच्या बंद पडलेल्या बोलिंग क्लबच्या कुंपणावर एक कागद लागला. जुने सभासद वारत गेले आणि हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवायला कुणी उरले नव्हते. तिथे सहा मजल्यांची इमारत होणार होती. चौऱ्याऐंशी घरे. त्यातली दहा घरे कमी भाड्याची, करावालमध्येच काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली. नोलीने पहिल्याच दिवशी नाव नोंदवले. मुलांची वाट पाहत उभी असताना ती माझ्याशी बोलत असे. "दोन वर्षं, लॉलीपॉप. मग घर चार मिनिटांवर. तिसरा मजला मागू की चौथा? चौथ्यावरून मॅगपायच्या घरट्यात डोकावता येईल. त्याला विचारीन, कसं वाटतं रे?"

पण आठवड्याभरात आवाराआवारांत फलक उभे राहिले. 'आपलं हिरवं करावाल वाचवा.' 'झाडं हवीत, मजले नकोत.' फेलिसिटीच्या फाटकावर सर्वांत मोठा.

एका संध्याकाळी स्काउटच्या हॉलमध्ये सभा भरली. त्या रात्री नगरसेवक मते देणार होते. दुपारी नोलीने मला खुंटीला टांगले आणि ती गेली. पाठोपाठ फेलिसिटी शाळेच्या कचेरीत आली. "सभेसाठी ती पाटी जरा नेते हं," असे कारकुनाला म्हणाली आणि मला गाडीच्या डिकीत घालून निघाली. नोलीला कुणी विचारले नाही.

हॉल खचाखच भरला होता. मागच्या टेबलावर चहाचे मोठे भांडे आणि खोबऱ्यात घोळलेले लॅमिंग्टन केक होते. प्रत्येकाला तीन मिनिटे बोलायची मुभा होती. पहिले बोलले ते डेस्मंड पार्गेटर. वय शहाऐंशी. क्लबभोवतीची बेचाळीस झाडे त्यांनी आपल्या हाताने लावलेली.

"लावली तेव्हा माझ्या गुडघ्याएवढी होती," ते म्हणाले. "इमारतीला माझी ना नाही. फक्त ती झाडांपासून दहा पावलं आत सरकवा."

बिल्डरचा माणूस चकचकीत बूट घालून आला होता. तो म्हणाला, "काका, भावना समजतात. पण आराखडा बदलणं परवडणार नाही. बारा झाडं जातीलच."

मित्रांनो, त्या बुटांचा मला राग आला, आणि पार्गेटर यांचा मुळीच आला नाही. त्यांच्या तोंडून झाडे शब्द निघाला तेव्हा त्याचा अर्थ झाडे असाच होता.

नंतर एक गृहस्थ उठले. "मी स्पष्ट बोलतो. फ्लॅट आले की भाडेकरू येतात. आज इथे, उद्या तिथे. त्यांना आपल्या रस्त्याची काय पडलेली असते?" लोकांनी माना डोलावल्या. मागून तिसऱ्या रांगेत, एकोणीस वर्षे इथेच भाड्याने राहिलेली नोली आपले भाषण लिहिलेल्या कागदाची घडी हातात घेऊन बसली होती. तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

मग फेलिसिटीने मला उचलले आणि व्यासपीठावर डोक्याच्या वर धरले.

"हा पोचा बघा," ती म्हणाली. तिचा आवाज खरोखर कापत होता. "हा माझ्या हॅमिशच्या अंगावर येणार होता. आजच्या गाड्यांत ही अवस्था. उद्या आणखी दीडशे गाड्या आल्या तर? हे आम्ही आमच्यासाठी करत नाही. हे मुलांसाठी आहे."

टाळ्या वाजल्या. वार्ताहराने माझा फोटो काढला. माझा पोचा सगळ्या हॉलने पाहिला. मनगट कुणाचे मोडले, ते कुणी बोलले नाही. फेलिसिटीची बोटे ग्रिपवरच्या खड्ड्यांत बसत नव्हती, ती सारखी सरकत होती. मला हात असता तर मी स्वतःला सोडवून घेतले असते.

अकरावे नाव पुकारले गेले: नोएलीन टिबेट्स. ती उठताच पुन्हा टाळ्या. बाई गाड्यांबद्दलच बोलणार, अशी सगळ्यांची खात्री होती. नोली टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली.

"आधी माझी पाटी दे, फेलिसिटी," ती म्हणाली. मला घेऊन तिने शेजारी टेकवून ठेवले. "तो पोचा पडला तेव्हा मी तिथंच होते. त्या गाडीचा कुठल्या फ्लॅटशी संबंध नव्हता. तुमच्यापैकीच कुणाच्या तरी घरी फ्रीज पोचवायला निघाली होती ती." दोघेतिघे हसले. "मी मिसेस लॉकयरच्या घरामागं राहते. दोन वर्षांनी ते घर विकलं जाणार. त्या दहा घरांसाठी मी नाव दिलंय. मला झाडं आवडतात. त्यांचा पालापाचोळा रोज सकाळी तुमच्या मुलांच्या वाटेवरून मी झाडते. पण मला राहायलाही कुठंतरी हवं."

फेलिसिटीचा चेहरा लाल झाला होता. ती हळूच म्हणाली, "नोएलीनबाई, तुमच्याविरुद्ध कुणीच नाही हो. तुम्ही आमच्याच आहात. प्रश्न त्या इतरांचा आहे."

"अगं, ते इतर म्हणजे मीच," नोली म्हणाली. तिने कागदाची घडी उघडलीसुद्धा नाही. मला घेऊन ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

मतदान झाले. सात विरुद्ध चार. इमारत नामंजूर. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कुणीतरी नोलीपुढे लॅमिंग्टनची बशी धरली. तिने घेतला नाही.

दोन वर्षे सरली. घर विकले गेले आणि नोली रेल्वेने अडीच तासांवर असलेल्या गावी भाचीकडे राहायला गेली. तरीही ती येत राहिली. पहाटेची पहिली गाडी पकडायची आणि आठला रस्त्यावर. सदुसष्ट वर्षांची बाई. अकरा आठवडे तिने हे केले. एके दिवशी गाडी वाटेत अडकली आणि ती पोचली तेव्हा सव्वानऊ वाजले होते. मुले आपापली रस्ता ओलांडून गेली होती. काही झाले नव्हते. पण नोली फुटपाथवर मला टेकून बराच वेळ उभी राहिली.

"काही झालं नाही, ते नशीब," ती म्हणाली. "उशिरा येणारी पाटी काय कामाची?" त्याच दिवशी तिने राजीनामा दिला.

निरोपाला केक आणला गेला. सगळ्या मुलांनी मोठ्या कार्डावर सह्या केल्या. फेलिसिटीने भाषण केले आणि नोलीला करावालचे हृदय म्हटले. मित्रांनो, अशी भाषणे ऐकताना पाटीलाही लाज वाटते.

आणि क्लबची जागा? हिरव्या करावालची काळजी वाहणाऱ्यांनी ती पुढे किती जपली, ते ऐका. तिथे पाच बंगले मंजूर झाले. प्रत्येकाला पोहण्याचा तलाव आणि जमिनीखाली चार गाड्यांची जागा. त्यासाठी बाराच नव्हे, बेचाळीसच्या बेचाळीस झाडे दोन सकाळींत कापली गेली. करवतींचा आवाज या कोठीपर्यंत येत होता. कुठल्याही आवारात फलक लागला नाही. डेस्मंड पार्गेटर तेवढे घडीची खुर्ची घेऊन कुंपणापाशी जाऊन बसले. एकटे. बाकीच्यांची तक्रार नव्हती, कारण त्या बंगल्यांत येणारी माणसे अगदी त्यांच्यासारखीच होती.

नोलीच्या जागेसाठी जाहिरात लागली. ती आठ महिने लागलेलीच आहे. त्या पगाराचे माणूस आता करावालच्या जवळपास राहतच नाही. पालकांनी पाळ्या लावल्या, त्या नऊ दिवस टिकल्या. नववी पाळी फेलिसिटीची होती. तिने मला वर धरले, गाडी थांबली, मुले निघाली. पहिलीतल्या एका मुलीने मध्येच मान वळवून विचारले, "नोली आता कुठं राहते?"

फेलिसिटीला गावाचे नाव सांगता आले नाही. तिने मला कोठीत आणून जाळ्यामागे ठेवले, तेव्हा ती थोडा वेळ ग्रिपवरचे खड्डे बोटांनी चाचपत उभी होती. पण चाचपून काय उपयोग?

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या वाटेवर कुणीतरी उभे असेल. कुणी फाटक उघडत असेल, कुणी वर्ग झाडत असेल, कुणी तुमचे नाव तुमच्या आजीसारखे घेत असेल. त्यांना फुले द्या, पण त्याआधी विचारा की तुम्ही राहता कुठे, आणि तिथे तुम्हाला राहू देतात ना. आणि कुणी मोठे माणूस उंच आवाजात म्हणाले की हे सगळे मुलांसाठी चालले आहे, तर हात वर करा. तुम्ही मुले आहात. तुम्हाला विचारायचा हक्क आहे.

मी सव्वीस वर्षे गाड्या अडवल्या. माझ्यासमोर थांबलेली प्रत्येक गाडी अर्ध्या मिनिटात पुढे निघून गेली. मला उंचावून कायमचे अडवले ते एकाच माणसाला, आणि ती नोली होती.