प्लॅस्टिकात बांधलेलं छप्पर

चाळीस वर्षं त्याने कारखान्यात माल बांधला. काच असो की यंत्र, त्याच्या हातचा नग कधी फुटून पोचला नाही. निवृत्त झाला आणि घराच्या नाकी नऊ आले. रिमोट प्लॅस्टिकात, छत्री प्लॅस्टिकात, छत्रीची पिशवीही प्लॅस्टिकात. बायको म्हणायची, एक दिवस हे मलाही झोपेत बांधतील आणि वर लिहितील, 'ही बाजू वर'.

दोघांनी जुनी घरगाडी घेतली होती. आत दोन बिछाने, एक शेगडी, आणि दाराच्या वर दांडीला गुंडाळलेलं कापडी छप्पर. हँडल फिरवलं की छप्पर बाहेर येई आणि गाडीला अंगण मिळे. ते अंगण बायकोसाठी होतं. औषधांमुळे तिला ऊन सोसत नसे, दहा मिनिटांत अंगावर चट्टे उठत. समुद्राकाठी राहणाऱ्या धाकट्या बहिणीबरोबर बाहेर वाऱ्यावर बसायचं, एवढीच तिची इच्छा होती. शनिवारी निघायचं ठरलं.

बुधवारी त्याने छप्पर उघडलं आणि नाक दाबलं. पांढऱ्या कापडावर काळ्या ठिपक्यांची जत्रा भरली होती. मागच्या सहलीहून निघताना त्याने त्यावर प्लॅस्टिकचे तीन थर चढवून कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. पावसाचा एक थेंब आत गेला नाही, हेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

मेहुणा तंबू शिवायचा. त्याने कापड चिमटीत धरून पाहिलं.

"दाजी, थेंब आत गेला नाही, तसा बाहेरही आला नाही. सकाळच्या दवात गुंडाळलंत, वर हवा कोंडलीत. बुरशीला इतकं झकास घर मलासुद्धा शिवता आलं नसतं."

साबणाचं कोमट पाणी घ्या, मऊ ब्रशने दोन्ही बाजू धुवा, पुरतं वाळू द्या, असं त्याने बजावलं. डाग राहतील, त्यांच्या नादी लागू नका.

पण डाग त्याच्या डोळ्यांत सलत होते. गुरुवारी मेहुण्याची पाठ वळताच त्याने फरशीचं जहाल औषध आणि तारेचा ब्रश काढला. तासभर घासलं. डाग तसूभर हलले नाहीत, शिवण मात्र वीतभर उसवली. मेहुण्याने ती शुक्रवारी पुन्हा घातली आणि जाताना तारेचा ब्रश स्वतःच्या पिशवीत टाकून नेला. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

शनिवारी पहाटे पाऊस आला. छप्पर उघडंच होतं. पाणी निथळावं म्हणून त्याने एक कोपरा खाली केला आणि राखण करत बसला. आठ वाजले, दहा वाजले. बायको चपला घालून पायरीवर आली. तो म्हणाला, अजून ओलं आहे. बारा वाजता तिने भावाला फोन लावला. तो म्हणाला, ओलं गुंडाळलं तरी चालतं, फक्त पोचल्याबरोबर उघडा.

"त्याला काय जातंय बोलायला," नवरा चडफडला. "एकदा फसलो ते पुरे झालं."

"फसलात तुम्ही, आणि घरात बसायचं मी?" बायको म्हणाली. "बुरशी त्या कापडाला लागली होती. मला लावू नका."

तिने हँडल धरलं आणि स्वतःच फिरवू लागली. अर्ध्यावर तिचा हात भरून आला. तेव्हा तो उठला, तोंड वाकडं करत उरलेलं फिरवलं आणि गाडी काढली.

ऊन कलण्याआधी पोचले. इंजिन बंद झालं तसं त्याने छप्पर उघडलं आणि साठलेलं पाणी थेट त्याच्या मानेवर आलं. मेहुणी हसून लोटपोट. बायकोने खुर्ची ओढली आणि सावलीत बहिणीशेजारी बसली. समुद्राचा वारा तिच्या तोंडावर येत होता.

तो ओल्या सदऱ्याने उभा, वर बघत होता. ठिपके होते तिथेच होते.

"बसा हो," बायको म्हणाली. "सावली काही डागाळलेली नाही."

तो बसला. पण खुर्ची जरा बाजूला सरकवून, जिथून डाग कमी दिसत होते.