ओसाकाची कॅसेट, बेसिंगस्टोकचा झिम्मा

मित्रांनो, पूर्व आणि पश्चिम यांचा मेळ घालण्यासाठी थोर थोर माणसांनी आयुष्यं वेचली. शेवटी ते काम मी केलं. मी एक जुनी कॅसेट आहे. मुक्काम बेसिंगस्टोक, स्वयंपाकघर, वरून तिसरा खण, हिंगाच्या डबीशेजारी.

माझा जन्म ओसाकाचा. नागपूरचा रघुवीर तिथे सॉफ्टवेअरच्या कामासाठी दीड वर्ष होता. तो निघाला तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या मोरीता-सान नावाच्या वयस्क गृहस्थांनी आवडीची बारा जपानी गाणी माझ्यात भरून त्याला दिली. सगळी पावसातली. एकात छत्री विसरलेली, एकात स्टेशनवर कोणी वाट पाहतंय, तिसरं नुसतंच उड्या मारणारं. "पाऊस असेल तेव्हाच ऐका," असं मोरीता-साननी बजावलं होतं. मला अधूनमधून विश्रांती मिळावी, हा त्यांचा हेतू. २००३ साली रघुवीर मला घेऊन इंग्लंडात आला, नियम तोच ठेवला, आणि मी बारमाही नोकरीला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात रघुवीरची आई, सुप्रभाबाई, सहा महिन्यांसाठी आल्या. मुलगा आणि सून मंजिरी सकाळी आठला ऑफिसला जात. बाहेर पाऊस. बाईंनी पंधरा दिवस खिडकीतून शेजाऱ्यांची मांजरं मोजली, मग मला लावलं. जपानीतलं त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण त्यावाचून काही अडलं नाही. "ही बाई सासरी सुखी नाही बाप्पा," असं पहिल्याच गाण्याला त्यांनी निदान केलं. पुढे तर सगळा स्वयंपाक माझ्यावर चाले. पहिल्या गाण्यात कांदा परतून व्हायचा, दुसरं संपलं की कुकर बंद. आणि तिसऱ्या गाण्याला झिम्म्याचा ठेका चपखल बसतो, हा शोध त्यांना कणीक मळताना लागला. पिठाच्या हातांनी त्या एकट्याच टाळ्या देत. माझ्या कोपऱ्यात ते पीठ अजून आहे.

"आई, टाकून द्या ना ती," मंजिरी म्हणे. "आयपॉडवर हजार गाणी बसतात."

"हजार काय करू गं? कुकर एकच आहे."

ऑगस्टात तिथल्या मराठी मंडळाने मंगळागौर ठरवली. मंगळागौर म्हणजे नव्या नवरीने श्रावणातल्या मंगळवारी पूजा करायची आणि बायकांनी रात्रभर खेळ खेळून जागरण करायचं. कम्युनिटी सेंटरचा हॉल शनिवारी दुपारी दोन ते पाच मिळत होता, म्हणून मंडळाने जागरण दुपारी ठेवलं.

नवरी होती स्वराली. लग्नानंतरचा पहिला श्रावण, आणि तिच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता. सुप्रभाबाईंनी पुण्याला फोन करून त्या माउलीला शब्द दिला, "पोरीची मंगळागौर अगदी घरच्यासारखी करू. गाणी मला सगळी पाठ आहेत." इतर कुणालाच ती येत नव्हती.

शुक्रवारी सुप्रभाबाईंचा घसा बसला. थोडाथोडका नव्हे, पार तळाशी.

"काकू, डोन्ट वरी," मंडळाचा सेक्रेटरी जयंत म्हणाला. "मी झिम्म्याच्या गाण्यांची सीडी बर्न केलीये."

शनिवारी नऊवारीवर रेनकोट चढवून वीस बायका जमल्या. पूजा झाली, आरती झाली. हॉलमधल्या यंत्राने जयंतची सीडी आत घेतली, थोडा विचार केला आणि परत दिली. असं तीनदा झालं.

"घरी चालत होती हो," जयंत म्हणाला. "म्हणजे, कॉम्प्युटरवर."

स्वराली सगळ्यांकडे पाठ करून दाराजवळच्या ओल्या छत्र्या नीट लावू लागली. "जाऊ दे ना काकू," ती तिकडे बघतच म्हणाली. "आपण सरळ जेवूया."

सुप्रभाबाईंनी पर्स उघडली. गाडीत ऐकायला म्हणून मी नेहमी त्यांच्यासोबत असे. त्यांनी मला जयंतच्या हातात दिलं.

"काकू, हे जपानी आहे."

"ठेका आपलाच आहे," बाई कुजबुजल्या. "तिसरं लाव."

मित्रांनो, त्या दिवशी मी जी वाजले! सुप्रभाबाईंनी मधोमध उभं राहून पहिली टाळी दिली, दुसरीला पाच जणी आल्या, आणि कडवं संपायच्या आत वीसच्या वीस गोल धरून फिरू लागल्या. आणि नेमक्या त्याच वेळी यंत्राने माझी फीत खाल्ली. गायिकेचा आवाज आधी जाड झाला, मग पुरुषी झाला, मग बंदच. आपलं आटोपलं, असं मी समजले.

धावून आली ती मंजिरी. मला टाकून द्या म्हणणारी तीच. तिने जमिनीवर बसून फीत बोटांनी हलकेच सोडवली, हजेरीच्या वहीजवळची पेन्सिल माझ्या चाकात घातली आणि एकेक वेढा गुंडाळू लागली. "थांबू नका गं!" ती ओरडली. थांबतंय कोण? टाळ्या चालूच होत्या. आणि सगळ्यांत मोठ्याने, एकही शब्द कळत नसताना, स्वराली ते जपानी गाणं स्वतः गात होती.

पाचला केअरटेकर किल्ल्या वाजवत आला आणि जागरण संपलं. बाहेर व्हरांड्यात स्वराली फोनवर सांगत होती, "हो आई, अगदी घरच्यासारखी झाली. गाणी ना? गाणी जरा कोकणाच्या पलीकडची होती."

सुप्रभाबाई नोव्हेंबरात परत गेल्या. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो.

"पाऊस आहे का गं?"

"आहे, आई."

"मग?"

मंजिरी मला खणातून काढते, पुसते, लावते आणि रिसीव्हर माझ्याजवळ धरते. तिकडे नागपूरच्या कोरड्या उन्हात टाळ्या सुरू होतात. माझं बरं चाललंय.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका. कुणाची कुठे गरज पडेल, सांगता येत नाही. मला काचेच्या कपाटात ठेवा, माझा सत्कार करा, असं मी म्हणत नाही. फक्त त्या हिंगाच्या डबीचं झाकण घट्ट लावत जा.