बर्फाच्या पेटीचं झाकण

विद्याधरला मयताच्या कामातसुद्धा गंमत सुचायची. सरकारी प्रयोगशाळेत होता तेव्हा त्याने साहेबांच्या जेवणाच्या डब्यावर, मयताच्या आतड्यांच्या बरणीवर असते तशी, 'व्हिसेरा, हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली होती आणि साहेब दुपारभर उपाशी फिरले होते. पुढे नोकरी सोडली, अंधेरीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेतली आणि दुसऱ्यांनी तपासलेले पुरावे पुन्हा तपासून द्यायचं काम सुरू केलं, तरी खोड काही गेली नाही. वकील कोणाचाही असो, पुरावा कोणाच्या बापाचा नसतो, हा एकच नियम तो मानायचा. बाकी सगळ्या नियमांची त्याने वाट लावलेली.

सरूबाईची केस त्याच्याकडे आणली निधी वकिलीणबाईने. सरूबाई कोळीण, दहिसरच्या बाजारात बसायची. तिचा मुलगा अनंता तुरुंगात होता, बायकोला गळा दाबून मारल्याच्या आरोपाखाली. त्याची बायको कल्पिता सकाळी आंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही. अनंताने दार फोडलं, तर ती खाली पडलेली, मानेवर वळ. आदल्या रात्री नवराबायकोचं जोरदार वाजलेलं आणि ते अख्ख्या मजल्याने ऐकलेलं. पोस्टमॉर्टेममध्ये लिहिलं, गुदमरून मृत्यू. कडी आतून होती असं अनंता ओरडून सांगत होता. पोलीस म्हणाले, कडी तूच तोडलीस, नाटक तूच केलंस. सरूबाई घरातच होती, पण आईची साक्ष कोण धरतो?

विद्याधर शिट्टी मारत फोटो बघत होता, ती शिट्टी थांबली. पोरीच्या अंगावर गुलाबी झाक होती. गळा दाबला तर माणूस निळा पडतो. असं गुलाबी करतो तो कार्बन मोनॉक्साईड, कोंदट जागेत गॅस गीझर जळत राहिला की होणारा. आणि बाथरूमच्या फोटोत गॅस गीझर दिसत होता. रंग नाही, वास नाही, माणसाला कळतसुद्धा नाही. मानेवरचा वळ त्याने फोटोवरून मोजला, तो बाथरूमच्या नळाच्या तोटीशी तंतोतंत जुळला. पडताना लागलेली. मग निधीने कोर्टाकडून परवानगी काढून राखून ठेवलेलं रक्त पुन्हा तपासून घेतलं. त्यात तो वायू सापडला.

झकास, असं विद्याधरला वाटलं. पण सरकारी वकील कच्चा नव्हता. त्याचं म्हणणं, बाटलीचं सील धड नाही, या रक्ताचा भरवसा काय? आणि पंचनाम्याच्या फोटोत बाथरूमच्या काचपट्ट्यांची खिडकी उघडी दिसते. एवढ्या फटीतून गॅस निघून गेला असता. निधीने विद्याधरला साफ सांगितलं, खिडकी बंद होती हे दाखव, नाहीतर अनंताला विसर.

म्हणून तो सरूबाईच्या घरी गेला. जुनी चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या इमारतीच्या आतल्या पोकळीत, उघडत होती. त्याने विचारलं, मावशी, त्या दिवशी ही खिडकी बंद होती का गं?

सरूबाई पदर खोचून उभी राहिली. "उगडीच असते. कोनाला पन इचार. आमी घरात मासली धूतच नाय."

विद्याधर हसला. मासळीचं कोणी विचारलं, असं म्हणाला आणि तिला चिडवत जिना उतरला. खाली नोटीसबोर्डावर सोसायटीची सूचना लावलेली होती. डक्टमधून दुर्गंधी येत असल्यास कारवाई होईल. त्याने पेन काढून खाली लिहिलं, 'सुगंध आल्यास सत्कार होईल', आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन रिक्षात बसला. दोन गोष्टी त्याच्या डोळ्यांपुढे होत्या आणि त्या जोडायचं त्याला सुचलं नाही.

आठवड्याने तो बाजारात गेला, खरं तर हात टेकले असं सांगायला. सांगवत नव्हतं, म्हणून मस्करी सुरू केली. बाजारात आला की दरवेळी तो सरूबाईच्या पेटीतला एखादा बोंबील पळवायचा, ती ओला पंचा मारायची आणि चोरटा म्हणायची. त्याही दिवशी तिने गिऱ्हाइकाकडे तोंड केलं तसं याने थर्माकोलच्या बर्फपेटीचं झाकण हळूच उचललं आणि एक बोंबील काढला.

झाकणाच्या आतल्या अंगाला आडव्या खाचा होत्या. एकाखाली एक, सारख्या अंतरावर. काचेची धार दाबून बसल्यावर पडतात तशा.

बोंबील त्याच्या हातातच राहिला.

गिऱ्हाईक गेलं. सरूबाईने पंचा उगारला आणि त्याचं तोंड बघून खाली घेतला. त्याने खाचांवर बोट फिरवलं आणि विचारलं, हे झाकण बाथरूमच्या खिडकीत होतं ना?

तिने आधी इकडेतिकडे बघितलं. मग बारीक आवाजात सांगायला लागली. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी वासाची तक्रार केली, सेक्रेटरी घरात येऊन नाक मुरडून गेला. घर हातचं जाईल अशी भीती बसली. म्हणून मासळीच्या पाट्या धुवायच्या वेळी ती झाकण खिडकीत दाबून बसवायची. मग रोज काढायचा कंटाळा आला आणि ते तिथेच राहिलं. त्या सकाळी दार फोडल्यावर पोरीला वारा लागावा म्हणून तिनेच ते ओढून काढलं आणि परत पेटीवर टाकलं. त्या खिडकीचं जो कोणी विचारायचा तो वासासाठीच विचारायचा. हा पण त्यातलाच, असं तिला वाटलं.

"पन झाकनाचं काय रं?"

सांगायला त्याच्याकडे साधे शब्द होते आणि तेच जड जात होते. गीझरचा गॅस बाहेर जायला ती एकच वाट होती, असं तो म्हणाला. ती बंद झाली.

सरूबाई पाटावर बसली. बराच वेळ पापलेटांवर पाणी मारत राहिली, मारलेल्यांवरच पुन्हा.

"पोरगी चार दिस सांगत होती," ती म्हणाली. "आई, न्हायलं की गरगरतं. मी म्हनलं, उपाशी न्हातेस, आदी काय तरी खा."

शेजारच्या कोळणीने काय झालं म्हणून विचारलं. तिने हातानेच 'काही नाही' अशी खूण केली.

मग तिने एकच विचारलं, याच्यावर अनंता सुटेल? विद्याधर म्हणाला, सुटेल. पण तुझ्यावरही बालंट येऊ शकतं. एवढंसं थर्माकोल होतं, पायाखाली चुरडलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. तिने ते पदराने पुसायला घेतलं. पुसू नकोस म्हणाल्यावर हात मागे घेतला. पंचांना बोलावून सील करेपर्यंत ती झाकणाकडे बघत बसली, राखणीला बसल्यासारखी.

अहवाल लिहून विद्याधर तिला वाचून दाखवायला गेला. त्याने जपून लिहिलं होतं, 'घटनेवेळी खिडकी थर्माकोलच्या झाकणाने बंद होती.' सरूबाईने त्याला थांबवलं.

"कोनी बंद केली ते नाय लिवलं?"

त्याची गरज नाही, असं तो म्हणाला.

"गरज कशी नाय? उद्या म्हनतील अनंतानंच लावलं. माझं नाव लिव. सरूबाईनं लावलं, सुनेला इचारलं नाय, पोराला इचारलं नाय. लिव."

माझं निरीक्षण वेगळं आणि तुझं सांगणं वेगळं, असं समजावत त्याने ते तिचं निवेदन म्हणून जोडलं. तिने अंगठ्याला शाई लावायला घेतली. सही येते ना तुला, असं त्याने विचारलं. येते, म्हणाली, पण सही खोटी म्हनतील, अंगठा नाय.

निधीने ते झाकण कोर्टात आणलेल्या खिडकीच्या चौकटीला लावून दाखवलं. एकेक काच आपापल्या खाचेत बसली. पिंजऱ्यातून अनंता बघत होता. निवेदन वाचायला सुरुवात झाली तेव्हा त्याने आईकडे मान वळवली आणि वाचून संपेपर्यंत वळलेलीच ठेवली. ती जमिनीकडे बघत होती.

अनंता सुटला. सरूबाईवरची चौकशी अजून चालू आहे.

विद्याधर कधीमधी दहिसरला जातो. सकाळी अनंता डोक्यावरून बर्फ आणतो, आईच्या पेटीत ओततो आणि निघून जातो. आधीही तोच आणायचा, म्हणे, पण तेव्हा तिच्या हातचा चहा पिऊन जायचा. ती रोज कप भरून बाजूला ठेवते. पेटीला आता झाकण नाही, वर ओलं गोणपाट असतं.

परवा ती गिऱ्हाइकाशी बोलत होती. गोणपाट सरकलेलं, बोंबील हाताशी. विद्याधरने गोणपाट नीट केलं आणि रांगेत उभा राहिला.

"का रं चोरट्या," ती म्हणाली, "आज नाय घेतलास?"