पोचल्याचं कळवा

प्रेमदास राठोडनं एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. सेनगाव, जिंतूर, रिसोड, हिंगोली, किती माणसं त्यानं आपापल्या गावाला पोचवली त्याची गणती नाही. पण 'तू पोचलास का रे बाबा' असं त्याला कधी कोणी विचारलं नाही. नोकरीत होता तोवर ही गोष्ट त्याच्या ध्यानातसुद्धा आली नव्हती. ध्यानात आली ती रिटायर झाल्यावर, नेट कॅफेत.

२००४ सालची गोष्ट. सेनगावच्या स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानामागं एक खोली होती, तिथं तीन कॉम्प्युटर, आणि ते सांभाळायला शिला नावाची पोरगी. पुण्यातल्या पुतण्यानं प्रेमदासला 'आपली हिंगोली' नावाच्या गटात घालून दिलं होतं. गटातल्या एकानं पत्र लिहिलं की ते चाळीस जणांना जायचं. सगळे या जिल्ह्यातलेच, पण पोटापाण्यासाठी पांगलेले. कोणाकडं बारसं, कोणाच्या पोराला नोकरी, कोण उद्या गावाला निघालेला, सगळं त्यात यायचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. प्रेमदास एका बोटानं लिही, आणि सगळी मोठी अक्षरं.

"काका, मोठ्या अक्षरात लिहिलं म्हंजे वरडल्यावानी होतं," शिला सांगायची.

"एकतीस वर्षं वरडूनच बोललो माय, आता काय हळू बोलू?"

या गटात सोनाजी होता. पुसेगावचा. शाळेत दोघं एका बाकावर बसत. पुढं सोनाजी बँकेत लागला, आणि आता पुण्यात लेकाजवळ राहत होता. माणूस गोड. गटात कोणाला ताप आला तरी हा चार ओळी लिहिणार. प्रेमदासलाही तो आवडायचा, पण मे महिन्यापर्यंत.

मे महिन्यात सोनाजीनं लिहिलं, उद्या नागपूरला निघतो, कोणती गाडी बरी पडेल? प्रेमदासनं तासभर बसून सगळ्या गाड्या लिहून दिल्या. कोणती कुठं थांबते, कोणत्या बाजूला ऊन लागतं, हेसुद्धा. त्याला कोणी हूं की चूं केलं नाही. सोनाजीला मात्र पत्रांवर पत्रं. नागपूरच्या सपनानं लिहिलं, "काका, पाण्याची बाटली जवळ ठेवा." सुरतच्या प्रमोदनं लिहिलं, "डोक्याला रुमाल बांधा." आणि प्रत्येकाचं शेवटी एकच, पोचल्याचं कळवा. प्रेमदासनं स्क्रीनवर बोट ठेवून मोजली. अकरा. त्याच्या नातीच्या बारशाला तीन आली होती.

पुढं एक जूनला त्याचा वाढदिवस आला. खरा कधीचा ते त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. मास्तरानं शाळेत घालताना एक जून लिहिलं, तोच कायम. पण गटात एक जूनवाले नऊ जण निघाले. सपनानं सगळ्यांना मिळून एकाच पत्रात शुभेच्छा दिल्या, नऊ नावं, त्यात प्रेमदास सातवा. सोनाजीच्या आईनं मात्र कुठल्याशा कागदावर त्याची तारीख लिहवून ठेवलेली, त्यामुळं त्याचा दिवस एकट्याचा.

त्या दिवसापासून प्रेमदासला झोंबायला लागलं. भाकरी खाताना, गुरांना पाणी दाखवताना, त्याच्या डोक्यात सोनाजीच. एकदा तरी आपल्याला म्हणावं कोणी, पोचल्याचं कळवा. मग एका सोमवारी त्यानं लिहून टाकलं, 'उद्या संध्याकाळी हिंगोलीहून पुण्याच्या गाडीनं निघतो. पुतण्याकडं चार दिवस.'

खरंच जायचा बेत होता. बायकोनं, पारुबाईनं, पिशवीही भरली होती. मंगळवारी दुपारी जाता जाता तो कॅफेत डोकावला. दोन पत्रं होती. प्रमोदचं, "काका, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर एसटीचेच." आणि सपनाचं, "येताना तिकडच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणा." सोनाजीचं काहीच नाही. पुण्यात राहून काहीच नाही!

प्रेमदास पिशवी घेऊन तांड्यावर, आपल्या घरी परत आला.

"काहून माघारी आले?" पारुबाईनं विचारलं.

"न्हाई जात."

"गाडी चुकली?"

"माही गाडी चुकंल का?"

पारुबाईनं पिशवीतलं धोतर काढून वळणीवर टाकलं. प्रेमदासनं मनाशी ठरवलं, आता चार दिवस नेटवर पाय ठेवायचा नाही. तांड्यातला एकुलता एक फोन महिनाभर बंदच होता. पाहू दे वाट. शोधू दे. बाजेवर पडल्या पडल्या त्याला गोड वाटायचं. सपना घाबरली असेल. प्रमोद म्हणत असेल, काका कुठं गेले?

शनिवारी तो कॅफेत शिरला. शिला त्याला पाहून उभीच राहिली. "काका, तुमी! अवो, काय चालू हाय गटात, वाचा आधी."

अठ्ठेचाळीस पत्रं होती. तो खुर्ची ओढून एकेक वाचायला लागला.

पहिलं सोनाजीचं, मंगळवारी संध्याकाळचं. "प्रेमदास, आत्ता तुझं पत्र पाहिलं. सकाळी स्टँडवर येतो. उतरून तिथंच थांब." दुसरं बुधवारचं. "तीन तास उभा होतो. गाडी आली, प्रेमदास आला नाही. कंडक्टर त्याला ओळखतो, म्हणाला राठोड गाडीत बसलेच नाहीत." पुतण्याकडंही जाऊन आला होता. आणि मग खाली सगळ्यांची पत्रं. "सोनाजीकाका, किती धावपळ केलीत!" "काका, तुम्ही काही खाल्लंत का?" "तुमच्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं." प्रेमदास खाली खाली जात राहिला. हरवला होता तो, आणि काळजी सोनाजीची!

शेवटचं पत्र त्याच सकाळचं होतं, सपनाचं. सोनाजीकाका काल रात्रीच प्रेमदासकाकांना शोधायला सेनगावला निघालेत. गुडघा दुखतो तरी निघाले. पोचले की कोणीतरी कळवा.

प्रेमदास उठला आणि रस्ता ओलांडून स्टँडवर गेला. पुण्याहून येणारा जिंतूरला गाडी बदलतो, आणि येलदरीवरून येणारी ती जिंतूर गाडी साडेअकराची. बारा वाजले, साडेबारा झाले. त्या रस्त्याचं वळणन्‌वळण त्याला पाठ होतं, आणि आज प्रत्येक वळण वाईट दिसायला लागलं. कंट्रोलरला त्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो वैतागला. "राठोड, येईल की. तुमीच असं कराया लागले तर पॅसेंजरनं काय करावं?"

एकच्या सुमारास गाडी आली. सोनाजी दांडा धरून, एक पाय आधी, मग दुसरा, असा उतरला. समोर प्रेमदास पाहून त्यानं पिशवी खालीच टाकली.

"जिता हाईस!"

"हाव."

"कुठं व्हतास?"

"घरी."

"निघालाच न्हाईस?"

"न्हाई."

"काहून रे?"

प्रेमदास रुमालानं तोंड पुसत राहिला. सोनाजीनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. म्हणाला, "ते राहू दे. आधी नेटवर घेऊन चाल. पोचल्याचं कळवायचं हाय, लोकं वाट पाहून राहिले."

हे ऐकून प्रेमदासच्या काळजाला पुन्हा चटका बसला. तरी त्यानं पिशवी उचलली आणि त्याला कॅफेत नेलं.

सोनाजी दोन्ही हातांनी भराभर लिही. लिहिता लिहिता वाचून दाखवू लागला, "सुखरूप पोचलो. प्रेमदास भेटला. त्याला ऐनवेळी ताप भरला, म्हणून निघता आलं नाही. फार अशक्त झाला आहे. त्याची चौकशी करा."

प्रेमदास ऐकतच राहिला. हे पत्र गेलं की काय होणार ते त्याला दिसत होतं. ताप उतरला का काका, औषध वेळेवर घ्या, जपा. तीसचाळीस पत्रं, सगळी त्याच्या एकट्याच्या नावाची. आणि सोनाजी जन्मात कोणाला खरं सांगणार नाही, इतका तो चांगला. पण ती पत्रं मिळणार सोनाजीच्या चांगुलपणामुळं. तेही यानंच द्यायचं आणि आपण घ्यायचं?

"सरक," प्रेमदास म्हणाला.

"अरे, लिवलं ना म्या बराबर."

"सरक म्हंतो ना!"

त्यानं सोनाजीनं लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं. मग एका बोटानं, मोठ्या अक्षरांत लिहायला बसला. पंधरा मिनिटं लागली. सोनाजी खांद्यावरून वाचत होता. 'सोनाजी पोचला. मला ताप नव्हता. मी निघालोच नाही. मला कोणी पोचल्याचं कळवा म्हणत नाही म्हणून रुसून घरी बसलो. चूक झाली. प्रेमदास.'

"काका, पाठवू का?" शिलानं हळूच विचारलं.

"म्या पाठवतो," असं म्हणून त्यानं बटण दाबलं.

सोनाजी बाजूच्या खुर्चीत गुडघा चोळत बसला. मग म्हणाला, "तीन तास उभा व्हतो ना रे म्या स्टँडावर."

"ठाव हाय. वाचलं. त्याची शाबासकीबी तुलाच भेटली."

सोनाजीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मग तो हसायला लागला. गुडघा धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. शिला हसली, झेरॉक्सवाला आत डोकावून हसला. प्रेमदास तेवढा खुर्चीत ताठ बसून राहिला. त्याला वाटलं, हसतोसुद्धा बेटा माझ्यापेक्षा चांगला.