थपडेची साक्ष

आमच्या बाईसाहेबांची एमलीन जन्मली तीच बोलत, असं मी म्हणते. जेवताना मीठसुद्धा खुणेने मागायचं, अशा मठात या पोरीला धाडायचं घाटत होतं. कारण काय, तर हुंड्यात द्यायची सफरचंदांची बाग तिच्या सख्ख्या मामाने घशात घातली होती. बाग नाही तर लग्न नाही, असं नवऱ्याकडच्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

ती नदीकाठची बाग थोरल्या धन्यांनी, आँक्तिलांनी, सत्तावीस वर्षांपूर्वी चर्चच्या दारात आपल्या लेकीला, म्हणजे आमच्या ओब्रेबाईसाहेबांना दिली. तेव्हा मी सात वर्षांची होते. जमीन देताना गावातली चार पोरं समोर उभी करायची, काय दिलं ते ऐकवायचं आणि सणसणीत कानाखाली वाजवायची, ही आमच्याकडची रीत. म्हातारे साक्षीदार मरून जातात, पण मार खाल्लेलं पोर जन्मभर विसरत नाही. त्या दिवशी वाजवायचं काम बाईसाहेबांच्या भावाने, तुर्स्तिनसाहेबांनी, हौसेने मागून घेतलं होतं.

आम्हा चौघांतले दोघं तापाने गेले, एक समुद्रापलीकडे इंग्लंडात गेला तो गेलाच. उरले मी एकटी, तीही बाईसाहेबांच्याच घरची दासी. माझ्या एकटीच्या शब्दाला कोण विचारतो!

सफरचंदं उतरायच्या दिवसांत सरदार रेनूफ न्यायाला बसले. अंगण माणसांनी भरलं होतं.

"बाबांनी बाग दिलीच नाही," तुर्स्तिनसाहेब म्हणाले. "चर्चचं दार नाही नि काही नाही. असा दिवसच झाला नाही. ही बाई आपल्या धनिणीचं मीठ खाऊन बोलणार."

शपथ घ्यायला मी संतांच्या हाडांच्या पेटीवर हात ठेवला.

"बाग दिली, सरकार. नदीपासून गिरणीच्या वाटेपर्यंत. तिथेच मी या साहेबांच्या हातची एक थप्पड खाल्ली."

"जोरात लागली का गं?" रेनूफांनी विचारलं.

"मी काही रडले नाही, सरकार."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. एक म्हातारा सरदार ओरडला, "काय रे तुर्स्तिन! वीस वर्षांचा घोडा तू, आणि सात वर्षांच्या पोरीला रडवता येईना?"

"एकच मारली म्हणे! दमला असेल बिचारा," दुसरा म्हणाला.

तुर्स्तिनसाहेबांचे कान बिटासारखे लाल झाले. "एक? अरे, दोन मारल्या, दोन! दुसरीला हिचा दात पडला होता पायरीवर! बाबांनीच हात धरला माझा, नाहीतर..."

पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं.

"म्हणजे तो दिवस झाला तर," रेनूफ शांतपणे म्हणाले. "बाग ओब्रेबाईंची."

मग जो हशा उसळला! एमलीन माझ्या गळ्यात पडून एका दमात काय काय बोलली, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मला इतका आनंद झाला की ती पेटी धरून उभ्या असलेल्या पाद्र्यालाच मिठी मारणार होते. बाईसाहेब भावाला म्हणाल्या, "दादा, लग्नाला यायचं हं. पहिला प्याला तुझा." ते पुटपुटले, पण नाही म्हणाले नाहीत.

घरी येताना मात्र बाईसाहेबांचा चेहरा उतरला.

"रिशिल्ड, मला दोन आठवतात गं. संतांच्या हाडांवर हात ठेवून खोटं बोललीस?"

"खोटं कसं, बाईसाहेब? तुमच्या दादांना कुणी वाईट म्हटलेलं चालतं, कमी म्हटलेलं नाही. आणि जिने दोन खाल्ल्या, तिने एक खाल्लेलीच असते की!"